टीव्हीतल्या डॉक्टरांना फिट आली

माझ्या नोकरीची शेवटची काही वर्षं मी एका टीव्हीशेजारी उभी राहून काढली. कोणी विचारलं, "सिस्टर, तुमी नेमकं करता काय?" तर मी सांगायची, "आमच्या डॉक्टरांना हात नाहीत, पाय नाहीत आणि नाक नाही. ते सगळं मी." विचारणारा जरा मागं सरकायचा. वेड्यांमधी राहून बाईवर परिणाम झाला, असं त्याच्या चेहऱ्यावर दिसायचं. म्हणून आधी खुलासा करते आणि मग पुढं जाते.

परभणी जिल्ह्यातल्या एका लहानशा सरकारी दवाखान्यात मी परिचारिका होते. बाळंतपणं, साप, विंचू, ताप, टाके हे सगळं आमच्याकडं व्हायचं. मनाच्या आजाराचा डॉक्टर मात्र नव्हता. कोणी माणूस अचानक बिथरला, बोलायचा बंद झाला, जीव द्यायला निघाला, की पूर्वी एकच इलाज होता. त्याला जीपमधी कोंबायचं आणि लांबच्या शहरात पाठवायचं. तिथं पोचेपर्यंत तो तरी अर्धा व्हायचा, नाहीतर सोबतचे नातेवाईक तरी.

मग आमच्याकडं टीव्ही आला. टीव्हीच्या डोक्यावर कॅमेरा, खाली चाकाची गाडी, आणि आत पुण्याकडचे मानसोपचाराचे डॉक्टर सारंग. असा पेशंट आला की मी गाडी ढकलत त्याच्यासमोर न्यायची आणि सारंग सर तिकडून त्याच्याशी बोलायचे. बोलून त्यांना एक गोष्ट ठरवायची असायची. गोळ्या देऊन घरी सोडायचं, आमच्याच वॉर्डात ठेवायचं, का लांब पाठवायचं. एवढ्याशा बोलण्यावर एखाद्याचं आयुष्य इकडचं तिकडं होतं, त्यामुळं हे काम दिसतं तेवढं सोपं नाही.

त्यात टीव्हीतून दिसतं आणि ऐकू येतं, पण वास येत नाही. पेशंटनं दारू घेतलीय का, अंगाला फवारणीच्या औषधाचा वास येतोय का, हे सरांना हवं असायचं. ते म्हणायचे, "सिस्टर, जरा वास घेता का?" की मी वाकून पेशंटच्या तोंडाजवळ नाक न्यायची. एका म्हाताऱ्यानं माझ्यापुढं हात जोडले होते. म्हणाला, "बाई, घरी नातवंडं हायत माझी." त्याची समजूत काढेपर्यंत सर टीव्हीत तोंड लपवून हसत होते.

दुसरी अडचण नातेवाइकांची. आपल्याकडं पेशंट एकटा कधी येत नाही, गाव घेऊन येतो. सर विचारायचे पेशंटला आणि उत्तर द्यायची आत्या. आत्याची चूक चुलता दुरुस्त करायचा. सरांनी कितीही सांगितलं, "मला यांच्याशी एकट्याशी बोलायचंय," तरी कोणी हलायचं नाही. आजारी माणसाला एकटं टाकून बाहेर जाणं म्हणजे पाप. शेवटी मी एक युक्ती काढली. मोठ्यानं म्हणायची, "सर, पेशंट झाला की नातेवाइकांचीही डोकी तपासायची ना?" खोली अशी रिकामी व्हायची की काही जणांच्या चपला आतच राहायच्या. मी माझ्या पेन्शनीपर्यंत हीच युक्ती वापरली आणि ती एकदाही फसली नाही.

सरांच्या प्रश्नांचीही गंमत होती. पेशंट भानावर आहे का हे बघायला ते विचारायचे, "आज वार कोणता?" पेशंट म्हणायचा, "बाजाराचा." बरोबरच होतं ते. मग मी मधी पडून सांगायची की सर, माणूस भानावर आहे, आज खरंच बाजार आहे. आणि एक प्रश्न ते तोंडावर विचारायचे, "मरावंसं वाटतं का?" बाहेर खिडकीला कान लावलेले लोक खवळायचे. "सिस्टर, असलं अभद्र कामून विचारायलेत? नसंल डोक्यात तर यील की." त्यांना मी दरवेळी सांगायची, विचारल्यानं कोणी मरत नाही, न विचारल्यानं मरतात. हे मात्र मी हसत सांगायची नाही.

हे झालं कामाचं. आता बाबारावांचं सांगते.

बाबारावांना आणलं ते ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, बैलाच्या दाव्यानं बांधून. पन्नाशीचे गृहस्थ, वर नवा कोरा शर्ट, खाली गुडघ्यापर्यंत चिखल. गाव पोखर्णीच्या अलीकडचं. ट्रॅक्टर त्यांचा मेहुणा माणिक चालवत होता आणि बायको कौसाबाई ट्रॉलीत नवऱ्याच्या डोक्यावर पदराची सावली धरून बसली होती. दुपारचं ऊन मी म्हणत होतं. बाबाराव मात्र लग्नाला आल्यासारखे खुशीत, सगळ्या दवाखान्याला रामराम घालत होते.

माणिक उतरला तो बोलतच. "सिस्टर, कितीक रोज झाले ह्यांच्या डोळ्याला डोळा न्हाई. येलदरीचं पाणी घरोघरी चुलीपाशी नेतो म्हणायलेत. त्याच्यासाठी कालवा खांदायलेत. पहिले आमची गल्ली खांदली, मंग सरपंचाचं दार खांदलं. सरपंच सकाळी बाहेर निघाला तो नाल्यात. आज तर यष्टी आडली. वर बैलांची शिंगं रंगवून ठेवलीत. पोळ्याला अजून लय अवकाश हाय. बैल बी शरमायलेत."

"शरमायले न्हाईत," ट्रॉलीतून बाबाराव म्हणाले. "खूश हायत. तू विचारलंस का त्यायला?"

येलदरीचं धरण कुठं वर जिंतूरकडं आणि ह्यांचं गाव कुठं खाली. मधी अख्खा जिल्हा. कुदळीनं कालवा आणायचा म्हटलं तर बाबारावांच्या पणतवाला पाणी मिळालं असतं.

"एकदाचं पाठवून द्या मोठ्या दवाखान्यात," माणिक म्हणाला. "आमी बेजार झालो." खरंच झाला होता बिचारा. डोळे तांबडे, आवाज बसलेला. रात्र रात्र दाजींच्या मागं फिरत होता.

कौसाबाईनं ट्रॉलीतूनच माझा हात धरला. "सिस्टरबाई, काय बी करा, पर ह्यायला लांब पाठवू नका. माझ्या थोरल्या दिराला असंच नेलं होतं, माझं लगीन व्हायच्या आधी. ते परत आले न्हाईत. ह्यायला बी नेलं तर मी काय समजू?" तिचा हात गार पडला होता, एवढ्या उन्हात. मी तिला काही कबूल केलं नाही, कारण ठरवणारी मी नव्हते. पण मला वाईट वाटलं, आणि ते माझ्या तोंडावर दिसलं असावं.

आमच्याकडं पेशंटला आधी मोकळं करायचं, मग बोलायचं, असा नियम. माणिक म्हणाला, "सोडू नका, खांदील." मी म्हणाले, "आमच्याकडं फरशी आहे. खांदू दे." दावं सोडलं, माणिकला आणि कौसाबाईला युक्तीनं बाहेर काढलं आणि टीव्ही लावला. टीव्ही लावायचं काम आमचे शिपाई शेखमामा करायचे. नेट गेलं की ते टीव्हीच्या पाठीवर दोन थापा मारायचे, आणि खरंच यायचं.

सारंग सर आले. "नमस्कार बाबाराव. मी डॉक्टर सारंग. तुमच्याशी थोडं बोलायचं आहे."

"बोला की," बाबाराव खुर्चीत ऐसपैस बसत म्हणाले. "पहिलं मला सांगा, तुमच्या तिकडं पाण्याचं कसं हाय?"

"बरं आहे."

"बरं म्हंजे नळाला रोज येतं का? लाजू नका. एक फाटा तुमच्याकडं बी काढतो."

सर विचारायचे झोपेचं, बाबाराव सांगायचे कालव्याचं. सर विचारायचे जेवणाचं, बाबाराव सांगायचे कालव्यात सोडायच्या माशांचं. बोलणं एवढं जलद की मी दमले. पण त्यात राग नव्हता, शिवी नव्हती. मधीच त्यांनी मला पण खुर्ची दिली. "सिस्टर, बसा की. कवाच्या उभ्या हायत तुमी."

सर मला म्हणाले, "सिस्टर, आजार ओळखू येतोय. यांना औषधं आणि झोप पाहिजे. कोणाच्या अंगावर जात नसतील तर आपण तुमच्याच वॉर्डात ठेवू. पण मारायला धावत असतील तर तुमच्याकडे सांभाळायला माणसं नाहीत. मग पाठवावं लागेल." सरांचं म्हणणं रास्त होतं. आमच्या वॉर्डात दुपारी मी, शेखमामा आणि एक ओली बाळंतीण, एवढीच फौज होती. मी खिडकीकडं बघितलं. कौसाबाईनं गज धरले होते.

सरांनी पुढचा प्रश्न काढला. "बाबाराव, तुमच्या घरात आधी कोणाला असा—"

आणि नेट गेलं. आमच्या नेटची एक खोड होती. ते साधं जायचं नाही, माणसाला धरून ठेवून जायचं. सरांचं तोंड उघडं, एक डोळा अर्धा मिटलेला, मान कलती, असं चित्र टीव्हीत थिजून राहिलं. आम्हाला सवय होती. आम्ही अशा वेळी चहा प्यायचो.

बाबाराव बोलता बोलता थांबले. त्या दिवसात पहिल्यांदाच थांबले असावेत. टीव्हीकडं निरखून बघितलं आणि म्हणाले, "सिस्टर, सायबाला फिट आली."

मी "अहो, नाही" म्हणेपर्यंत माणूस उठलासुद्धा. पायातली चप्पल काढली आणि टीव्हीत सरांच्या नाकाला लावली. आपल्याकडं फिट आली की चप्पल हुंगवतात, कांदा हुंगवतात, हे तुम्हाला माहीत असेल. "सायेब, घ्या, वास घ्या. दमानं घ्या. सिस्टर, त्यांच्या घरी कोणी हाय का? हाका मारा." चप्पल काचेवर घासून घासून सरांच्या मिशा चिखलानं भरल्या. सरांची फिट काही उतरेना. मग बाबारावांना वाटलं, वास आत जात नसेल. टीव्हीला वर एक भोक दिसलं. तो कॅमेरा होता. त्यांनी हात उंच करून चप्पल त्या भोकाकडं नेली आणि जोरात ओरडले, "सायेब, इकडून घ्या!"

नेमकं तेव्हाच नेट आलं.

सरांनी काय बघितलं असेल ते मला पुढं सरांनीच सांगितलं. डोळे वटारलेला पेशंट, वर उचललेला हात, हातात चप्पल, आणि ती थेट त्यांच्या तोंडावर येतेय. सर पुण्यात बसून खुर्चीसकट मागं सरकले.

चित्र आलं होतं, आवाज मात्र आला नव्हता. मी ओरडून सांगत होते, "सर, मारत नाहीत, औषध देतायत." सरांना काही ऐकू जाईना. त्यांनी घाईघाईनं काहीतरी टाइप केलं आणि टीव्हीत खाली अक्षरं आली. "पेशंट हिंसक. सिस्टर दूर व्हा. पाठवायची तयारी करा."  सरांनी फोन कानाला लावला. मी माझ्या फोनवरून त्यांना लावला तर तो लागेना, कारण ते त्याच फोनवरून गाडीची व्यवस्था करत होते. कागदावर लिहून दाखवावं तर आमच्या कॅमेऱ्याला माणूस कोणता आणि खुर्ची कोणती एवढंच कळायचं. अक्षरं त्याच्या आवाक्यातली नव्हती. शेखमामा टीव्हीच्या पाठीवर थापा मारून थकले. "सिस्टर, तसवीर है, आवाज नै," त्यांनी निकाल दिला.

खिडकीतून कौसाबाईनं विचारलं, "काय म्हणायलेत?" तिला वाचता येत नव्हतं. माणिकला येत होतं. त्यानं वाचून दाखवलं. ती गज सोडून खाली बसली.

आता करावं काय? मी नोकरीत बरंच काही केलेलं आहे, पण नाटकात कधी काम केलेलं नव्हतं. टीव्हीसमोर जाऊन मी आधी सरांकडं बोट केलं. मग तोंड वाकडं केलं, एक डोळा मिटला, मान टाकली. म्हणजे सर, तुम्ही असे दिसत होता. सरांनी कपाळाला आठ्या घातल्या. समजेना त्यांना. मग मी देवाचं नाव घेतलं आणि सरळ जमिनीवर आडवी झाले. माझं वजन आणि माझे गुडघे बघता आडवं होणं सोपं होतं, उठायचा प्रश्न नंतरचा. डोळे फिरवले, हातपाय झाडायला लागले. म्हटलं, निदान फिट म्हणजे काय ते तरी सरांना कळेल.

सरांना काय कळलं देव जाणे, शेखमामांना मात्र खरंच वाटलं. "या अल्ला, सिस्टर को क्या हुआ?" करत ते पाणी आणायला पळाले. आणि बाबाराव टीव्ही सोडून माझ्याकडं धावले.

गुडघ्यावर बसले. माझं डोकं अलगद मांडीवर घेतलं. खिडकीकडं बघून म्हणाले, "सरका, वारा येऊ द्या बाईला." मला हळूच कुशीवर वळवलं, माझा चष्मा काढून शर्टाच्या खिशात जपून ठेवला. घटकाभर आधी ज्या माणसाला दाव्यानं बांधलं होतं, त्याचा हात इतका हलका की मला क्षणभर खोटं झोपल्याची लाज वाटली. तो क्षण लवकर संपला, कारण चप्पल आली. त्या चपलेनं कालवा खांदला होता आणि गोठा पण झाडला होता. सरांच्या वाटचे सगळे वास मी नोकरीभर घेतले, पण असला वास मला ना आधी आला ना नंतर. मी दम धरला. उठून बसले असते तर सरांना अर्धंच दिसलं असतं.

मिटल्या डोळ्यांच्या फटीतून मी टीव्हीकडं बघत होते. सरांचा फोन कानावरून खाली आला होता. ते पुढं वाकून, काचेला नाक लावून बघत होते. मग त्यांनी कपाळावर हात मारला आणि हसायला लागले. शेखमामांनी येऊन एक थाप मारली आणि आवाज आला.

"सिस्टर, तुम्ही बऱ्या आहात ना?"

"हो सर," मी जमिनीवरून म्हणाले. "चप्पल मारायला नव्हती सर. तुम्हाला फिट आली असं त्यांना वाटलं."

"कळलं मला. पाठवायचं रद्द. तुमच्याकडेच ठेवू." त्यांनी टीव्हीतून बाबारावांना हात जोडले. "बाबाराव, तुमचे आभार."

"आभार कशाचे," बाबाराव म्हणाले. "बगा, उतरली का न्हाई चपलेनं? तुमची जरा वेळ लागून उतरली. सिस्टरची पटकन उतरली." मला उठवायला शेखमामा आणि बाबाराव, असे दोघं लागले.

इथं एक सांगून टाकते. बाबाराव त्या दुपारच्या प्रसंगानं बरे झाले असं कोणी समजू नये. ते गोळ्यांनी बरे झाले. वॉर्डात राहिले, पुढं नेमानं टीव्हीसमोर येत राहिले आणि स्वतः खांदलेला नाला स्वतः बुजवला. सरपंचाच्या दारातला आधी. आता गोळ्या चालू आहेत, माणूस शेतात आहे. मनाचा आजार हा आजार आहे, त्याला औषध आहे, हे सांगायला मला टीव्हीशेजारी एवढी वर्षं काढावी लागली, तरी अजून ट्रॉलीत दावं दिसतंच. आमच्या कामात आम्ही कुठं कमी पडलो असू तर ते इथं.

पण हे सगळं नंतरचं. त्या दुपारी सरांचा एक प्रश्न राहिला होता. कौसाबाईला आत बोलावलं, ती नवऱ्याच्या शेजारी बसली, आणि सरांनी तो परत विचारला.

"बाबाराव, घरात आधी कोणाला काही आजार होता का? फिट आली हे तुम्ही इतकं पटकन कसं ओळखलंत?"

बाबाराव खुर्चीत बसले. हातात अजून ती चप्पल होती. "दादाला यायची," ते म्हणाले. "माझा थोरला भाऊ. तेव्हा मी लहान होतो. त्याला फिट आली की चप्पल हुंगवायचं काम माझं. रानात, शाळंत, कुठं बी. माझ्याशिवाय कोणाला वेळेवर जमायचं न्हाई. लोक म्हणले, येड लागलंय, पाठवा. जीप आली. त्याला आत घातला. मी म्हणलो, मला बी न्या, तिथं त्याला चप्पल कोण हुंगवील? कोणी ऐकलं न्हाई. मी चप्पल हातात घेऊन वढ्यापस्तोर पळालो जीपच्या मागं. डायवरनं थांबवली न्हाई." मग म्हणाले, "पुढं महिन्याभरात सांगावा आला. गेला म्हणून."

कौसाबाई त्यांच्याकडं बघतच राहिली. "हे मला कदीच सांगितलं न्हाई तुमी," ती म्हणाली.

"काय सांगायचं? मी पोचलो असतो तर तो असता."

सर टीव्हीत हलेनात. मला वाटलं परत नेट गेलं, पण त्यांचे डोळे हलत होते. मग ते म्हणाले, "बाबाराव, नीट ऐका. फिट चपलेनं थांबत नाही. ती येते आणि थोड्या वेळानं आपली आपण थांबते. चप्पल लावली तरी थांबते, नाही लावली तरी थांबते."

"कसं काय? आताच सिस्टरची उतरली की. सगळ्यायनं बगितलं."

सरांनी माझ्याकडं बघितलं. टीव्हीतल्या माणसाचं ह्या कामात काही चालण्यासारखं नव्हतं. मी बाबारावांसमोर बसले, त्यांच्या खिशातून माझा चष्मा काढून घेतला आणि म्हणाले, "मला आलीच नव्हती. मी सरांना दाखवायला खोटं झोपले होते. आणि सरांना पण आली नव्हती, आमचा टीव्ही अडकतो."

"मंग दादाची?"

"दादाची खरी होती. ती आपोआप उतरायची. तुम्ही त्याला कुशीवर घेत होता, डोकं धरत होता, ते खरं कामाचं. चप्पल नाही."

"दादा कशानं गेले ते मला माहीत नाही," सर म्हणाले. "फिटीला औषध असतं, ते त्यांना मिळायला पाहिजे होतं. मोठ्या माणसांनी द्यायला पाहिजे होतं. पण ते चपलेवाचून गेले नाहीत. एवढं मी तुम्हाला डॉक्टर म्हणून सांगतो."

बाबारावांनी चपलेकडं बघितलं. उलटी करून बघितली, सुलटी करून बघितली. "म्हंजे," ते हळू म्हणाले, "डायवरनं जीप थांबवली असती, मी चढलो असतो, तरी?"

"तरीही."

"पक्कं का, सायेब?"

"पक्कं."

त्यांनी चप्पल खाली ठेवली. तोंड खांद्यावरच्या पंच्यात घातलं आणि रडले, अगदी लहान पोरासारखे, आवाज काढून. बाहेर माणिक खिडकीपासून बाजूला झाला. मी सुईची तयारी करायच्या निमित्तानं पाठ फिरवली, आणि माझेही डोळे भरले ते कोणाला दिसू दिले नाहीत. टीव्हीत सर नुसते बसून होते. टीव्ही बंद करायची घाई त्यांनी केली नाही.

बऱ्याच वेळानं बाबारावांनी तोंड पुसलं. आवाज एकदम थकलेला. कालव्याचं काही बोलले नाहीत. खाटेकडं बघितलं, मग कौसाबाईकडं.

"मंग म्या झोपू का आता?"

"झोपा," कौसाबाई म्हणाली.